दळणवाडीची गिरणी कशी जपली गेली

एका जंगलात एक गिरणी होती.

हसू नका, मुलांनो. जंगलात निवडणुका होतात, सत्कार होतात, रस्ते होतात आणि पहिल्याच सरीत वाहूनही जातात. मग एखादी गिरणी असायला काय हरकत आहे?

ही गिरणी विजेवर चालत नव्हती. जंगलात वीज होती, पण ती दरबाराच्या अंगणापर्यंत येऊन दमायची. गिरणी पाण्यावर चालायची. डोंगरातून एक ओढा येई. त्याचा पाट काढून तो एका मोठ्या लाकडी चाकावर सोडलेला होता. चाक फिरलं की आतला दगड फिरे आणि नाचणीचं पीठ भुरभुरत खाली पडे. गिरणीभोवती थोडीशी घरं होती. त्या वस्तीला दळणवाडी म्हणत.

गिरणी चालवायची सगुणा. सगुणा म्हणजे पाणमांजर. सकाळी ती चाकाखाली बुडी मारून अडकलेला पालापाचोळा काढायची, वर येऊन अंग झटकायची, उन्हात वाळायची आणि मग दळणाला हात लावायची. गिरणी तिच्या आजेसासूनं बांधली होती. कारण काही थोर नव्हतं. आजेसासूचे दात पडले होते आणि सुनेनं पाट्यावर भरडलेलं तिला गिळवत नव्हतं. सून म्हणाली, मग तुम्हीच बघा काय ते. म्हातारीनं बघितलं. सासू-सुनेच्या एका भांडणातून निघालेली ही गिरणी तीन पिढ्या चालली. दळणवाडीचा इतिहास तो एवढाच. त्यात एकही लढाई नव्हती, म्हणून तो कुणी पुस्तकात घातला नव्हता.

गिरणीचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक होता भिवाआजा. हे एक म्हातारं अस्वल होतं. तरुणपणी त्यानं मधाची पोळी ओरबाडली आणि म्हातारपणी त्याच्या तोंडात एकही दात उरला नाही. नाचणीची मऊ भाकरी ताकात कुस्करून, यावर त्याचं सगळं चाले. तो रोज दळण आणी. रोज आणण्याची गरज नव्हती, पण उंबऱ्यावर बसून बोलायला काही निमित्त नको का?

गरम पिठाची चिमूट जिभेवर ठेवून तो म्हणायचा, "सगुणे, आज जरा भरड पडलंय गं."

"दगड गुळगुळीत झालाय, आजा. बाबूला सांगितलंय."

बाबू म्हणजे साळींदर. दगड झिजला की त्याला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायच्या असतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. ते काम बाबूचं. तो कामाला बसला की अंगावरचे काटे फुलवून बसायचा, त्यामुळे कुणी मधेच येऊन सल्ले देत नसे.

असं सगळं बरं चाललं होतं. म्हणजे छप्पर गळत होतं, चाक कुरकुरत होतं, पण पीठ पडत होतं.

एका पावसाळ्यात ओढ्यातून एक ओंडका वाहत आला आणि चाकाच्या पात्यावर आदळला. पातं मोडलं. चाक फिरे, पण लंगडत. सगुणाला एक फळी हवी होती. फणसाची चालली असती. पण जंगलात झाड तोडायचं तर दरबाराची परवानगी लागायची. ही जंगलातली सर्वांत विनोदी गोष्ट होती, पण सगुणाला हसू आलं नाही. ती सरळमार्गी होती. ती दरबारात गेली.

मुलांनो, इथं सगुणाचं चुकलं. रात्री गुपचूप फळी कापून आणली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

दरबाराच्या दारात एक रानरेडा बसला होता. तो रवंथ करत होता, आणि तेच त्याचं काम असावं असं वाटत होतं.

"काय पाहिजे?"

"एक फळी."

"नाही."

"गिरणीच्या चाकाला हवीय, साहेब. जुनं चाक आहे. माझ्या आजेसासूच्या वेळचं."

रेड्याचा रवंथ थांबला. "जुनं? किती जुनं?"

"पुष्कळ."

"मग आधी नाही का सांगायचं, बाई! मोडक्याचं काही होत नाही इथं. जुन्याचं होतं."

सगुणा आनंदात घरी आली. तिनं भिवाआजाला सांगितलं, बाबूला सांगितलं. दरबार किती चांगला आहे यावर त्या दिवशी उंबऱ्यावर बरीच चर्चा झाली.

फळी काही आली नाही. समिती आली.

समितीचे अध्यक्ष होते डॉक्टर धनेश. हा एक पक्षी असतो. त्याची चोच इतकी मोठी असते की खाली बघायला त्रास होतो, म्हणून डॉक्टर खाली बघतच नसत. त्यांच्याबरोबर सचिव म्हणून एक टिटवी होती. डॉक्टरांनी गिरणी बघितली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अस्सल!" ते म्हणाले. "बाई, तुम्ही कशात उभ्या आहात याची तुम्हाला कल्पना आहे का?"

सगुणानं पायाशी बघितलं. "पिठात."

"इतिहासात!"

सगुणा दोन पावलं मागं सरकली. न जाणो, आपल्या पायानं काही खराब झालं असलं तर.

मग डॉक्टरांनी वाडीला उंबराखाली बोलावलं. इतिहास गोळा करायचा होता.

"या गिरणीत कोणी राजा येऊन गेला होता का?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"राजा नाही," बाबू म्हणाला. "एकदा म्हैस आली होती. चुकून."

"एखादी लढाई? वेढा? कुणी इथं लपून राहिलं होतं?"

"आमच्या आजेसासूचं आणि सासूचं," सगुणा सांगू लागली, "पाट्यावरून..."

"घरगुती नको," डॉक्टर म्हणाले. "घरगुती इतिहास टिकत नाही."

दुसऱ्या आठवड्यात गिरणीसमोर मोठा फलक लागला. महाराज वाघोबांच्या खापरपणजोबांनी स्वारीवर जाताना याच गिरणीत नाचणी दळून घेतली होती, असं त्यावर लिहिलं होतं. भिवाआजानं ते दोनदा वाचून घेतलं.

"वाघ नाचणी खातो?" त्यानं विचारलं.

"प्राचीन काळी खात असत," टिटवी म्हणाली.

इथवर सगुणाला काही वाईट वाटलं नव्हतं. उलट तिला थोडा अभिमानच वाटला होता. नव्या फलकाखाली उभं राहून तिनं केस सारखे केले होते. मग तिनं अदबीनं विचारलं, "साहेब, ती फळी कधी मिळायची?"

डॉक्टर दचकले. "नवी फळी? या चाकाला? बाई, हे सगळं एका काळाचं आहे. यात आजची फळी बसवली तर अस्सलपणा जाईल. त्याच काळातली फळी लागेल."

"जुनी फळी कुजकी असते, साहेब."

"शोध चालू आहे. तोवर चाक बंद ठेवा. तसंही फिरून फिरून ते झिजतंय. दगडही झिजतायत. असंच चालू ठेवलं तर शंभर वर्षांनी काय उरेल?"

"शंभर वर्षं दळलेलं पीठ," बाबू पुटपुटला. टिटवीनं त्याच्याकडे रागानं बघितलं.

पाटाचं पाणी वळवलं. चाक थांबलं. त्या दिवशी दळणवाडीत कुणाला नीट ऐकू येईना. चाकाच्या आवाजावर बोलायची सवय होती, त्यामुळे सगळे उगाच ओरडून बोलत होते. सगुणा संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. पोरं झोपल्यावर घर जसं शांत होतं, तशी ती शांतता नव्हती. कुणी घर सोडून गेल्यावर असते तशी होती.

गिरणीला तारेचं कुंपण पडलं. टिटवी कुंपणावर बसून दिवसभर ओरडू लागली, "हात लावू नका! हात लावू नका!" या कामासाठी तिच्याइतकं लायक जंगलात दुसरं कुणी नव्हतं. लांबून लांबून हरणं, ससे, सहलीला आलेली माकडं गिरणी बघायला येऊ लागली. "किती छान," ती म्हणत आणि चाकाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत.

मग समितीची नजर घरांकडे वळली. कौलं बदलायची नाहीत, गळली तरी. भिंतींना चुना लावायचा नाही. रंगीत लुगडी दोरीवर वाळत घालायची नाहीत, कारण त्या काळी रंग कमी होते. दळणवाडी जशीच्या तशी राहिली पाहिजे. भेकराचं एक कुटुंब होतं, त्यांच्या घरात चुलीवर पाणी पडू लागलं. ते निघून गेलं. त्यांच्या मागून घोरपडी गेल्या. समितीनं दुःख व्यक्त केलं आणि रिकाम्या घरांना कुलपं लावली. रिकामं घर जसंच्या तसं राहतं. त्यात कुणी राहात असलं की पंचाईत होते.

सर्वांत हाल झाले भिवाआजाचे. जवळची दुसरी गिरणी दोन डोंगरांपलीकडे. तो नाचणी भिजवून तशीच गिळायला बघे. ठसका लागे, डोळ्यांतून पाणी येई. सगुणानं पाट्यावर भरडून बघितलं, पण ती भरड त्याच्या घशाखाली उतरेना. जाडजूड अस्वल होतं ते. त्याची कातडी आता अंगावर दुसऱ्याच्या घोंगडीसारखी लोंबू लागली.

"मला आज काही नको गं," तो म्हणायचा. "सवय गेलीय."

सगुणा डॉक्टरांकडे गेली. "साहेब, फक्त म्हाताऱ्यापुरतं दळते. ओंजळभर. कुणाला कळणार नाही."

"बाई, आज तुम्ही ओंजळ दळाल. उद्या कुणी पायली आणेल. मग ती गिरणी होऊन बसेल."

"गिरणीच आहे ती."

"होती," डॉक्टर समजुतीनं म्हणाले. "आता ती त्याच्या वर गेली आहे."

पुढं महोत्सव ठरला. पीठ महोत्सव. प्रेक्षकांना जुन्या काळची गिरणी कशी चाले ते दाखवायचं होतं. त्यासाठी एक अस्सल गिरणीवाली हवी होती. निवडीला सगुणाही गेली. निदान आत तरी जायला मिळेल, दगडावर हात तरी ठेवता येईल, एवढाच तिचा विचार. तिला सांगितलं, दळून दाखवा. पाणी नव्हतं, नाचणी नव्हती. तिनं नुसते हात हलवले.

परीक्षक कुजबुजले. डॉक्टर म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुम्ही फार सहज करता. यात कष्ट दिसत नाहीत. आणि कपाळाला पीठ कुठं आहे?"

"कपाळाला पीठ लागलं तर दळणारीला अक्कल नाही म्हणतात, साहेब."

निवड झाली एका वानरीची. तिचं नाव मधुलिका. ती दरबाराच्या बाजूला राहायची आणि तिनं आयुष्यात गिरणी पाहिली नव्हती. पण तिनं कपाळ, गाल आणि कोपर पांढरे केले, कंबरेवर हात ठेवून असा उसासा टाकला की परीक्षकांतल्या एका सांबराला रडू फुटलं. पीठ मिळत नव्हतं म्हणून रांगोळी वापरली होती.

महोत्सवाच्या दिवशी दळणवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मांडव होता, तोरणं होती, आणि कर्ण्यातून चाकाचा आवाज येत होता. कुठल्या चाकाचा ते माहीत नाही. सगुणानं ऐकलं आणि तिला कळलं की हा बैलगाडीचा आवाज आहे.

भाषणं झाली. मग सर्वांत जुनं गिऱ्हाईक म्हणून भिवाआजाचा सत्कार होता. त्याला दोघांनी धरून वर नेलं. अंगावर शाल घातली. हातात नारळ दिला.

दात नसलेल्या अस्वलाच्या हातात नारळ, मुलांनो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आजोबा, दोन शब्द बोला," डॉक्टर म्हणाले.

भिवाआजानं नारळ उलटसुलट करून बघितला. माइकसमोर तोंड नेलं. "लई उपकार झाले," तो म्हणाला. "भाकरी असली तर द्या."

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा मिस्कील आहे. आणि भिवाआजा हसणाऱ्या लोकांकडे बघत बघत गुडघ्यांत वाकला, मग बाजूला कलला आणि मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसला. त्याचे डोळे मिटले. शाल घसरली.

सगुणा मागच्या रांगेत होती. तिनं बाबूकडे बघितलं. बाबूनं काटे फुलवले आणि गर्दी आपोआप दुभंगली. सगुणा कुंपणाखालून घुसली. टिटवी तिच्या डोक्यावर घिरट्या घालत होती, "हात लावू नका! हात लावू नका!" सगुणानं पाटाच्या तोंडाशी बसवलेला दगड ढकलला. पाणी आलं. आधी चाकाला काही कळलंच नाही. मग ते कण्हलं, हललं आणि मोडक्या पात्यानिशी लंगडत फिरू लागलं.

मधुलिका उसासा टाकत दगडाजवळ उभी होती. दगड खरोखरच फिरायला लागल्यावर ती किंचाळून खिडकीतून बाहेर पडली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना कार्यक्रम फार आवडला.

सगुणानं कमरेची पुरचुंडी सोडली. तिच्यात नाचणी होती. ती रोज बरोबर ठेवायची, कधी तरी संधी मिळेल म्हणून. पीठ पडलं. गिरणीमागंच बाबूच्या बायकोनं तीन दगड मांडून जाळ केला. आंबील शिजली. सगुणानं भिवाआजाचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोडी थोडी त्याच्या तोंडात घातली. तिसऱ्या-चौथ्या घासाला त्याची जीभ हलली.

"भरड पडलंय गं," तो डोळे न उघडता म्हणाला.

सगुणा तिथंच सगळ्यांसमोर रडली. तेही लोकांना आवडलं.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. सगुणावर गुन्हा सिद्ध झाला: वारशाची झीज. दगड केसभर झिजला होता, चाकाला ओल लागली होती आणि हवेत पीठ उडालं होतं. तिला गिरणीच्या आसपास फिरकायची बंदी झाली. भिवाआजाची शाल परत घेतली, कारण तिला आंबिलीचे डाग पडले होते. नारळ मात्र त्याच्याकडेच राहू दिला.

सगुणानं भांडण केलं नाही. तिनं सुपं-चाळणी डोक्यावर घेतली. बाबूनं छिन्नी घेतली आणि भिवाआजाला पाठीवर घ्यायचा विचार केला, पण काट्यांमुळे तो सोडून दिला. मग सगळे हळूहळू, म्हाताऱ्याच्या पावलांनी, ओढ्याच्या काठाकाठानं वर चढले. जिथं रस्ता संपतो आणि समितीला दम लागतो, तिथं थांबले.

तिथं सगुणानं दुसरी गिरणी बांधली. तिच्यासारखी कुरूप वस्तू जंगलात झाली नव्हती. चाक डांबराच्या पिंपांचं, छप्पर गंजक्या पत्र्यांचं. निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराचे फलक भिंतींना लावले होते, त्याचं अर्धं तोंड दारावर हसत होतं. दगडांना तेवढी बाबूनं नीट टाकी लावली. पीठ पडू लागलं. भेकरं परत आली, घोरपडी आल्या. भिवाआजाच्या अंगावर त्याची कातडी पुन्हा बसू लागली.

खाली जुन्या गिरणीचं काय झालं? उत्तम झालं. पाण्यावाचून चाक वाळलं, तडकलं आणि वाळवीनं खाल्लं. एका सकाळी ते आपोआप खाली बसलं. डॉक्टरांनी हुबेहूब सिमेंटचं चाक करून घेतलं. ते फिरत नाही, त्यामुळे झिजतही नाही. डॉक्टरांना या कामाबद्दल दरबारानं मानाचा तुरा दिला.

तोच तुरा डोक्यावर घेऊन डॉक्टर एकदा वाट चुकून वर आले. चाकाचा घरघर आवाज ऐकून थबकले. त्यांचे डोळे भरून यायला लागले. वाडी जिथल्या तिथं थिजली.

"बाई, हे काय आहे?"

सगुणानं पिंपांकडे बघितलं, पत्र्यांकडे बघितलं. "हे होय? सार्वजनिक शौचालय आहे, साहेब. दरबारच्या कंत्राटदाराचं काम आहे. अजून पुरं व्हायचंय."

डॉक्टरांचे डोळे लगेच कोरडे झाले. त्यांनी पंखानं नाक झाकलं. "ओढ्याची शोभा घालवलीत," ते म्हणाले. पण कंत्राटदाराचं नाव निघाल्यामुळे पाडून टाका असं म्हणाले नाहीत. आल्या वाटेनं उतरून गेले.

त्या रात्री वाडीत मोठी मेजवानी झाली.

आठवड्यानं काय झालं, बाबूच्या बायकोला वाटलं, एवढी आपली गिरणी, तिला काही तरी करावं. तिनं गेरू कालवला आणि दाराभोवती वेल काढली. पानं काढली, पानांआड लहान लहान पाखरं काढली. तिचा हात फार चांगला होता. सकाळी सगुणा दार उघडायला आली आणि बघतच राहिली. ऊन नुकतंच पत्र्यावर आलं होतं. वेल हलतेय असं वाटत होतं.

"कशी झालीय?" बाबूच्या बायकोनं लाजत विचारलं.

"फार सुंदर," सगुणा म्हणाली.

मग ती ओढ्यावर गेली, ओंजळ भरून चिखल आणला आणि वेलीवर फासला. आधी पाखरांवर, मग पानांवर. बाबूची बायको तिच्याकडे टक लावून बघत होती. थोड्या वेळानं ती खाली वाकली, तिनंही चिखल घेतला आणि सगुणाचा हात पोचत नव्हता तिथं, वरच्या बाजूला लावला.

आत दळण चालू होतं.

तात्पर्य: मुलांनो, आपला वारसा जपावा, आणि तो इतका कुरूप ठेवावा की दुसऱ्या कुणालाही तो जपावासा वाटणार नाही.